लाकडी कुंपणाचा खर्च: आधी घनफूट काढा

नाशिकमध्ये बंगल्यापुढे लाकडी कुंपण घालायचं असेल, तर सुताराचा ‘फुटाला इतके’ हा दर लगेच मान्य करू नका. वखारीत लाकूड घनफुटावर मिळतं, म्हणून हिशोबही घनफुटातच करा.

समजा, कुंपण ४० फूट लांब आहे. ४ फूट उंच, ४ इंच रुंद, १ इंच जाड अशा ९ फळ्यांचं १ घनफूट होतं. मध्ये २ इंच फट ठेवली की ८० फळ्या, म्हणजे जवळपास ९ घनफूट. ३ बाय दीड इंची आडव्या पट्ट्यांच्या दोन रांगांना अडीच घनफूट. दर ८ फुटांवर ४ बाय ४ इंची, ६ फुटी खांब धरले तर ६ खांबांना ४ घनफूट. एकूण साडेपंधरा, कापणीतली घट धरून १७. आता सागाचा आणि निलगिरीचा भाव विचारा आणि गुणाकार करा. मजुरी, रंग, फाटक, बिजागऱ्या आणि जीएसटी वेगळे लिहून घ्या.

माझं मत विचाराल तर खांब लाकडी नकोतच. द्राक्षबागेत असतात तसे लोखंडी अँगल लावा. आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतात. शिवाय वाळवी जमिनीतूनच चढते. खड्डा मुरूम लागेपर्यंत खणा, फळ्या जमिनीपासून २-३ इंच वर ठेवा.

काम मेअखेर संपवा, म्हणजे पावसाआधी रंगाचे दोन हात नीट वाळतील.