पाटीच्या दगडात ताणला गेलेला मासा मूळ आकारात कसा आणावा

स्वित्झर्लंडच्या ग्लारूस भागात एंगी गावाजवळ काळ्या पाटीच्या दगडाची जुनी खाण आहे. त्या दगडात अनेंकेलम नावाचा लांबलचक मासा सापडतो. वंश कधीच नामशेष झालाय, पण कूळ आपल्या वाकटीचंच. त्याचा जवळचा भाऊबंद लेपिडोपस आजही खोल पाण्यात फिरतो.

हा दगड म्हणजे ऑलिगोसीन काळातला, साधारण 3 कोटी वर्षांपूर्वीचा समुद्रतळाचा गाळ. पुढे आल्प्स घडताना जुने खडक त्याच्यावर सरकून आले आणि गाळाबरोबर मासेही एका दिशेने ओढले, दुसऱ्या दिशेने चेपले गेले. लुई आगासीझ म्हणजे जीवाश्म माशांतला बाप माणूस, पण त्यानेही एकाच माशाच्या रुंद-अरुंद रूपांना निरनिराळ्या जाती म्हणून नावं दिली. तो घोळ वेटश्टाइन या भूशास्त्रज्ञाने 1886 साली निस्तरला.

ही ओढाताण फोटोवर उलटी फिरवता येते. मी चित्रकलेचा मास्तर, भूशास्त्राचा नाही. मला जमतं तर कुणालाही जमेल.

फोटो अगदी समोरून घ्या, बाजूला पट्टी ठेवा. उजेड एका कडेने, तिरपा हवा. वरून फ्लॅश मारलात तर काळ्यावर काळं, काही दिसणार नाही. संग्रहालयात काच असेल तर चमक टाळायला गडद कपडे घालून जा.

मासा निवडताना वळलेलाच निवडा. सरळसोट मासा दिसतो छान, पण त्यावरून ताण कळत नाही. बरगड्यांच्या मागचा, शेपटीकडचा भाग घ्या. तिथे प्रत्येक मणक्याला वर एक आणि खाली एक काटा असतो, दोन्ही जवळपास सारखेच कललेले. फोटोत मात्र बहुतेक ठिकाणी वरचे काटे आडवे झोपलेले आणि खालचे ताठ दिसतील, किंवा उलट. जिथे दोन्हीकडचा कल सारखा दिसतो, तिथे कणा ताणाच्या दिशेने किंवा तिला काटकोनात धावतोय. अशा दोन जागा, एकमेकींना काटकोनात असलेल्या, शोधून काढा. खरं काम एवढंच. यात घाई करू नका.

आता दोन्ही जागांच्या मणक्यांची लांबी भागिले उंची काढा. समजा एकीकडे 3 आली, दुसरीकडे 0.75. गुणाकार 2.25, त्याचं वर्गमूळ 1.5, हे मणक्याचं खरं प्रमाण. भागाकार 4, त्याचं वर्गमूळ 2, हा ताण, म्हणजे ओढलेल्या दिशेला दगड चेपलेल्या दिशेच्या किती पट ताणलाय ते. जागा शक्यतो जवळजवळच्या घ्या, कारण शेपटीकडे जाताना मणक्यांचा आकार मुळातच बदलतो.

गिंप या फोटो सुधारायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फोटो असा फिरवा की जिथे मणके लांबट दिसतात तो कणा आडवा येईल. मग रुंदीला ताणाने भागा, म्हणजे इथे निम्मी करा, उंचीला हात लावू नका. वळणावरचे काटे पुन्हा तपासा: वर-खाली सारखे कलले असतील तर जमलं, नाहीतर दिशा चुकली.

यातून माशाची खरी लांबी मात्र निघत नाही, फक्त आकार निघतो. तेव्हा चित्राखाली सेंटिमीटर लिहू नका. आणि एका पाटीचा ताण दुसरीला लावू नका. प्रत्येक पाटीचं गणित नव्याने मांडावं लागतं.