मधुमेह असताना काचबिंदूपासून डोळे कसे जपावेत

काचबिंदू म्हणजे नजरेची नस हळूहळू खराब होण्याचा आजार, बहुतेकदा डोळ्यातला दाब वाढल्याने. ‘दुखलं तर दाखवू’ हा सल्ला त्यात घात करतो. सर्रास आढळणारा, ओपन अँगल नावाचा काचबिंदूचा प्रकार दुखत नाही. समोरचं नीट वाचता येत असतं आणि कडेची नजर गुपचूप जात असते. गेलेली नजर औषधाने परत येत नाही, ऑपरेशननेही नाही. मधुमेहात हा धोका वाढतो. शिवाय डोळ्याच्या मागच्या पडद्याला (रेटिनाला) रक्त कमी पडू लागलं की नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात. डोळ्यातलं पाणी जिथून निचरतं, तिथे त्या पसरल्या की दाब एकदम चढतो.

१. तपासणी. टाइप २ असेल तर निदान होताच, टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत, पुढे दरवर्षी. दिवस राहिले तर पहिल्या तिमाहीतच. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळे तपासले असं नव्हे. डोळ्यातला दाब, नजरेची नस आणि बाहुली मोठी करून पडदा, हे तिन्ही पाहून घ्या. दाब साधारण १० ते २१ मिमी पारा असतो, पण त्या आकड्यावर विसंबू नका. कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक थर) पातळ असेल तर यंत्र दाब कमी दाखवतं, आणि दाब नॉर्मल असूनही काचबिंदू होतो. बाहुली मोठी केली असेल त्या दिवशी गाडी चालवू नका.

२. शुगर आणि रक्तदाब आटोक्यात. शुगर वरखाली होत असताना नवा चष्मा करू नका, नंबर फसवा निघतो.

३. स्टेरॉइडचे ड्रॉप्स. डोळा लाल झाला म्हणून कपाटातली जुनी बाटली काढू नका. काही आठवडे वापरलं तरी दाब वाढू शकतो. दमा किंवा त्वचेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर तेही डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगा.

४. काचबिंदूचे ड्रॉप्स घालणं. खरी गडबड इथे होते. दाब उतरत नाही म्हणून औषध बदललं जातं आणि मूळ थेंब गालावरून ओघळत असतो.

हात धुवा, मान मागे टाका. खालची पापणी ओढून खिसा करा, वर बघा आणि थेंब त्या खिशात सोडा, बाहुलीवर नव्हे. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका, आतलं औषध दूषित होतं. थेंब एकच, डोळ्यात तेवढंही मावत नाही, दुसरा नुसता वाहून जातो आणि बाटली महिन्याआधी संपते. मग डोळा हलकेच मिटा. मिचकावू नका, घट्ट आवळूही नका. नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाबून धरा, नाहीतर औषध नाकावाटे रक्तात उतरतं.

मधुमेहींसाठी हे दाबणं जास्त महत्त्वाचं. काचबिंदूच्या ड्रॉप्समधलं टिमोलॉलसारखं औषध रक्तात गेलं की शुगर उतरल्याची धडधड आणि थरथर झाकली जाऊ शकते. घाम सहसा येतो, त्याकडे लक्ष ठेवा. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर हे औषध सुरू करण्याआधीच सांगा.

दुसरं औषध पाच मिनिटांनी. लागोपाठ घातलं तर पहिलं धुऊन जातं. बोटं बधिर असतील किंवा हात थरथरत असेल तर आडवे होऊन बाटलीचा हात कपाळावर टेकवा. तरीही नेम चुकत असेल तर डोळा मिटून आतल्या कोपऱ्यात थेंब टाका आणि मग उघडा. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा. बहुतेक बाटल्या चार आठवड्यांनी टाकायच्या असतात. दाब नॉर्मल आला म्हणून ड्रॉप्स आपल्या मनाने बंद करू नका, तो ड्रॉप्समुळेच नॉर्मल आलेला असतो.

५. फील्ड टेस्ट, म्हणजे कडेची नजर किती शाबूत आहे याची तपासणी. पहिली बऱ्याचदा बिघडते, पुन्हा करावी लागली तर कुरकुर नको. जुने रिपोर्ट जपा, बिघाड वाढतोय का हे तुलनेतूनच कळतं.

डोळा लाल होऊन जोरात दुखू लागला, उलटी आली, दिव्याभोवती रंगीत कडी दिसली किंवा नजरेवर अचानक पडदा आला, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.