लॉनमधल्या नांग्या भरताय? या चुका टाळा

उसाची उगवण विरळ झाली की आपण नांग्या भरतो. विरळ झालेल्या लॉनवर पुन्हा बी टाकणं हे तेच काम. सांगलीत आमच्या दारापुढच्या हिरवळीत मी ते तीनदा केलं आणि पहिल्या दोन्ही वेळा ते वाया गेलं. दोन्ही वेळा बी भरपूर टाकलं होतं, पण त्याआधी करायचं ते राहिलं होतं.

गवत का गेलं ते न बघता बी टाकणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. पहिल्या वर्षी गणपतीच्या सुमारास कुंपणाकडेला पिवळं ठिगळ पडलं. मी त्यावर बी फेकलं, खत दिलं, पाणी वाढवलं. ठिगळ मोठंच होत गेलं. शेवटी गवत मुठीत धरून ओढलं तर सतरंजीसारखं वर आलं, मुळं साफ कुरतडलेली. खुरप्याने चार बोटं माती उकरली आणि तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसल्या. हुमणी, म्हणजे उसाची मुळं खाणारी अळी. उसाच्या पट्ट्यात राहून लॉनमध्ये ती असेल हे मनातच आलं नव्हतं.

म्हणून आधी ठिगळात खुरपं घाला. अळ्या असतील तर वेचा, जागा काही दिवस उघडी ठेवा आणि कुजलेल्या शेणखतात मेटारायझियम, म्हणजे हुमणीला मारणारी बुरशी, मिसळून ओलसर मातीत द्या. वळवाच्या पावसानंतर अंधार पडताना कडुनिंब-बाभळीवर हुमणीचे भुंगेरे जमतात, ते तेव्हाच गोळा केले तर पुढची अंडीच टळतात.

अळ्या नसतील तर वर बघा. आंब्याच्या दाट सावलीत हरळीवर्गीय गवत टिकत नाही. त्याला निदान सहा तास ऊन हवं. पाणी साचत असेल तर आधी उतार काढा. माती वाळल्यावर वर पांढरं मीठ फुटत असेल, तर जमीन क्षारपड होते आहे. कृष्णाकाठच्या काळ्या जमिनीत हे नेहमीचं, आणि जास्त पाणी दिल्याने ते वाढतं.

पाकिटावरचा फोटो बघून बी घेणं

दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरात सुंदर चित्राचं पाकीट ऑनलाइन मागवलं. आठवड्यात गर्द हिरवं उगवलं, शेजारी बघायला आले. एप्रिलात सगळं करपलं. ते रायग्रास होतं, थंड हवेचं गवत. आपला उन्हाळा त्याला झेपत नाही. पाकिटावर गवताचं नाव नसेल, नुसतं ‘लॉन सीड’ असेल, तर घेऊ नका.

आपल्याकडे उघड्या उन्हातल्या लॉनसाठी बर्मुडा, म्हणजे आपली हरळीच. शेतात जिच्याशी आयुष्यभर भांडतो तीच इथे कामाची, कारण ती ऊन, तुडवणं आणि बऱ्यापैकी खारही सोसते. सोललेलं बी टरफलासकटच्या बियांपेक्षा लवकर उगवतं. मात्र तुमचं लॉन कोरियन किंवा मेक्सिकन गवताचं असेल तर त्यात हरळीचं बी टाकू नका, दोन रंगांची गोधडी दिसेल. अशा लॉनला कडेचेच मुळांसकट तुकडे काढून ठिगळात लावा.

लेबलवर उगवणक्षमता आणि चाचणीची तारीख बघा. सोयाबीन पेरण्याआधी आपण गोणपाटात दाणे ठेवून बघतो, तसे यातले 100 दाणे ओल्या फडक्यात उबेला ठेवून दोन आठवड्यांनी मोजा.

बी मातीला न टेकणं

जुन्या गवतावर फेकलेलं बी पात्यांत आणि वाळक्या थरात अडकतं, मग मुंग्या आणि चिमण्या ते नेतात. गवत दोन-अडीच सेंटीमीटरवर कापा, दाताळ्याने वाळका थर ओढून काढा, माती दिसू द्या. घट्ट झालेली जागा वापसा असताना, म्हणजे माती ओलसर पण चिकट नसताना, बागेच्या दातेरी काट्याने भोसका. ठिगळाला चौरस मीटरला 5 ते 10 ग्रॅम बी पुरतं. एका ग्रॅममध्ये तीन-चार हजार दाणे असतात. कोरड्या वाळूत मिसळून अर्धं उभं, अर्धं आडवं फेका. वर चाळलेल्या पोयट्याचा, म्हणजे भुसभुशीत गाळमातीचा, पातळ थर, पाच मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि पाटीने किंवा पायाने दाबा.

पोयटा कुठून आणता तेही विचारा. उसाच्या रानातला असेल तर त्यात तणनाशकाचा अंश असू शकतो आणि उगवणारं गवत त्याने जळतं. शेणखत कच्चं असेल तर गाजरगवत आलंच.

वेळ आणि पाणी

हरळीच्या बियाला ऊबदार माती लागते, त्यामुळे दिवाळीनंतर टाकलेलं बी नुसतं पडून राहतं. सांगलीत पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीअखेर ते मार्च उत्तम, नाहीतर वळवाची ओल धरून जूनच्या सुरुवातीला. साताऱ्यात, त्यातही डोंगराकडच्या उतारावर, जुलैच्या झडीपर्यंत थांबू नका. मुळं धरायच्या आत बी गटारात वाहून जातं.

पाणी झारीने, बारीक, दिवसातून दोन-तीनदा. पाइपच्या धारेने बी एका कोपऱ्यात गोळा होतं. एकदा फुगलेलं बी वाळलं की मेलं, म्हणून पहिले पंधरा दिवस चुकवू नका. तिसऱ्या खेपेला बाराव्या दिवशी सकाळी मी उन्हाच्या दिशेने खाली वाकून बघितलं, तेव्हा मातीवर केसाएवढी हिरवी लव दिसली. उभं राहून काहीच दिसत नव्हतं. अनेक जण इथेच ‘उगवलं नाही’ म्हणून पाणी सोडतात.

रोपं पाच-सहा सेंटीमीटर झाली की पहिली कापणी, धारदार पात्याने, वरचा एक तृतीयांश भागच. बोथट पातं कोवळी रोपं मुळासकट उपटतं. टू-फोर-डी, म्हणजे रुंद पानांच्या तणांचं तणनाशक, फवारायचं असेल तर त्याआधी किमान तीन कापण्या होऊ द्या.