कोल्हापुरात राहून फ्रेंचमध्ये बुडायचं कसं? अकरावी-बारावीसाठी

अकरावीला फ्रेंच घेणारी बहुतेक मुलं ‘मार्क पडतात’ म्हणून घेतात. त्यात गैर काही नाही. नीट पाठांतर केलं की बोर्डाचा पेपर सुटतो आणि टक्केवारीही वर जाते. पण दोन वर्षं शिकून एक साधं वाक्य तोंडातून फुटत नसेल, तर ते मार्क आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी राहतात. हा लेख ज्यांना दोन्ही हवंय त्यांच्यासाठी आहे.

भाषेत बुडून शिकायच्या पद्धतीला इमर्शन म्हणतात. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात, माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट गावात 1965 साली इंग्रजी बोलणाऱ्या पालकांनी पाठपुरावा करून असा वर्ग सुरू करून घेतला. बालवाडीपासून सगळा वर्ग फ्रेंचमधून, पुढे गणितसुद्धा. त्या मुलांवर नंतर बरंच संशोधन झालं. ऐकण्या-वाचण्यात ती फार पुढं गेली, पण बोलण्या-लिहिण्यातल्या व्याकरणाच्या चुका वर्षानुवर्षं तशाच राहिल्या. मेरिल स्वेन या अभ्यासक बाईंनी 1985 मध्ये त्याचं कारण मांडलं: मुलांच्या कानावर भाषा भरपूर पडते, स्वतः वाक्य जुळवायची वेळ मात्र कमी येते.

आपल्याला उपयोगाचं आहे ते हेच. कोल्हापुरात फ्रेंच शेजारी नाही, दुकानदार नाही, पाहुणा तर नाहीच. तेव्हा एक हिशेब धरून चाला: जेवढं कानात जाईल, त्याच्या निम्मं तरी तोंडातून बाहेर यायला हवं.

आधी वेळ ठरवा

कॉलेज, क्लास, सीईटीची तयारी यातून फ्रेंचसाठी नवा तास काढणं अवघड, आणि काढला तरी तो पंधरा दिवसांत गळतो. त्यापेक्षा जो वेळ आधीच जातोय त्याची भाषा बदला. रोज रात्री फुटबॉलचे हायलाइट्स बघता? ते फ्रेंचमधून बघा. बसमध्ये गाणी ऐकता? आठवड्यातले तीन दिवस तिथं फ्रेंच बातम्या लावा. अट एकच, त्या वेळात मराठी-इंग्रजी बंद. अर्धवट केलं तर उपयोग नाही. फ्रेंच मालिका इंग्रजी सबटायटल लावून बघणं हे त्यातलंच. डोळे इंग्रजी वाचत बसतात आणि कान झोपतात. सबटायटल लावायचीच तर फ्रेंच लावा.

फोनची भाषा फ्रेंच करा, असा सल्ला सगळीकडं मिळतो. माझ्या मते त्यातून फारसं काही होत नाही. कुठलं बटण कुठं आहे हे बोटांना पाठ असतं, शब्द कुणी वाचतच नाही.

कानाची तयारी

आरएफआय या फ्रेंच सरकारी रेडिओचं ‘जुर्नाल आँ फ्राँसे फासील’ म्हणून सोप्या भाषेतलं दहा मिनिटांचं बातमीपत्र आहे. फुकट आहे आणि सोबत लेखी मजकूरही मिळतो. मात्र अगदी नवख्याला ते झेपणार नाही. पहिले तीन-चार महिने टीव्ही-5 मोंद या फ्रेंच वाहिनीच्या ‘आप्रांद्र’ या शिकायच्या साइटवरचे ए-1, म्हणजे अगदी पहिल्या पातळीचे छोटे व्हिडिओ आणि त्याखालचे स्वाध्याय करा, मग बातम्यांकडं वळा.

बातम्या ऐकायच्या अशा. सगळ्या दहा मिनिटांच्या मागं लागू नका, एकच बातमी घ्या. पहिल्यांदा मजकूर न बघता ऐका आणि ओळखू आलेली माणसांची, देशांची नावं आणि आकडे तेवढे कागदावर टिपा. दुसऱ्यांदा मजकूर समोर ठेवून ऐका. इथं गंमत कळते: लिहिलेली निम्मी अक्षरं कुणी उच्चारतच नाही, आणि मध्येच दोन शब्द एकमेकांना चिकटतात. तिसऱ्यांदा निवेदकाच्या पाठोपाठ, अर्धा शब्द मागं राहून, मोठ्यानं म्हणत जा. घरातले हसतील, हसू देत.

आकड्यांवर कुरकूर करू नका. फ्रेंचमध्ये सत्तर म्हणजे साठ-दहा, ऐंशी म्हणजे चार-वीस आणि नव्व्याण्णव म्हणजे चार-वीस-एकोणीस. पण एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी घोकत लहानाचे मोठे झालेल्यांनी दुसऱ्याच्या आकड्यांना हसू नये.

मराठी जिभेचा फायदा

इथं आपण इंग्रजीवाल्यांच्या पुढं आहोत. फ्रेंच ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दातांना जीभ लावून येतात. ‘प’ आणि ‘क’सुद्धा हवा न सोडता, अगदी मराठीतल्यासारखे. ‘तु’ (म्हणजे तू) या शब्दाला इंग्रजीच्या सवयीनं ‘टू’ म्हणालात की बिघडलं. त्यातला स्वर मात्र नवा आहे: तोंडात ‘ई’ धरा आणि ओठ ‘उ’सारखे गोल करा. घशातला ‘र’ जमायला वेळ लागतो, तोवर आपला जिभेवरचा ‘र’ चालवा, समोरच्याला समजतं.

वस्तूंना लिंग असतं याचंही आपल्याला नवल नाही. फक्त तीनऐवजी दोन. नपुंसकलिंगी टेबल तिकडं स्त्रीलिंगी होतं आणि पुस्तक पुल्लिंगी. म्हणून नाम एकटं पाठ करू नका, पुल्लिंगी नामाला ‘ल’ आणि स्त्रीलिंगीला ‘ला’ लावूनच म्हणा. कोल्हापुरात मुलीही सर्रास ‘मी गेलो’, ‘मी आलो’ म्हणतात. फ्रेंचमध्येही मुलगा आणि मुलगी दोघं ‘झ सुई-झाले’ असंच म्हणतात, ऐकायला फरक नाही. मुलीनं लिहिताना मात्र शेवटी एक जादा ‘ई’ अक्षर घालायचं असतं, आणि पेपरात मार्क तिथंच जातात.

पेठेतला फुटबॉल कामाला लावा

ज्या गावात पाटाकडील आणि खंडोबा तालमीच्या सामन्याला शाहू स्टेडियम भरतं, आणि वर्ल्ड कपला गल्लोगल्ली दुसऱ्या देशांचे झेंडे लागतात, तिथल्या पोरांना विषय शोधत हिंडायची गरज नाही. फ्रेंच लीगचे रात्रीचे सामने हिवाळ्यात आपल्याकडं मध्यरात्रीनंतर सव्वाएक-दीडला सुरू होतात, म्हणून थेट सामन्याचा नाद सोडा. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटांचे हायलाइट्स फ्रेंच समालोचनासह बघा.

आता आवाज बंद करून तोच तुकडा पुन्हा लावा आणि तुम्ही समालोचक व्हा. सुरुवातीला शब्द थोडेच लागतात: ‘बालों’ म्हणजे चेंडू, ‘गार्दियाँ’ गोलकीपर, ‘आर्बित्र’ पंच, ‘ऑर-झ’ ऑफसाइड, ‘कार्तों रूझ’ लाल कार्ड. गोलवर मारलेला फटका म्हणजे ‘तीर’, हा शब्द विसरायची भीतीच नाही. मग वाक्यं: ‘इल पास ल बालों ओ न्यूमेरो दीस’, तो दहा नंबरला चेंडू देतो. आधी फक्त वर्तमानकाळ वापरा. महिनाभरानं तोच सामना ‘काल काय झालं’ म्हणून भूतकाळात सांगा. वेळ घड्याळाची नाही, चेंडूची असल्यामुळं मनात मराठी वाक्य रचून त्याचं भाषांतर करायला सवडच मिळत नाही. हा सराव मला सगळ्यात जास्त पटतो तो त्यासाठीच.

फुटबॉल नको असेल तर स्वयंपाकघर घ्या. आई रस्सा करत असताना प्रत्येक कृती फ्रेंचमध्ये बोला. तांबडा रस्सा परक्याला सांगायचा तर ‘यून सूप रूझ त्रे-झेपिसे’, म्हणजे खूप तिखट लाल सूप. रश्श्याला सूप म्हणणं जिवावर येतं, पण इलाज नाही.

जोडीदार हवाच

वर्गातला एक मित्र किंवा मैत्रीण पकडा आणि आठवड्यातून दोनदा रंकाळ्यावर फेरी मारा. ठरलेल्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फक्त फ्रेंच. अडलं की मराठीत उडी मारायची नाही. त्यासाठी तीन वाक्यं आधीच पक्की करा: ‘कोमाँ ओं दी... आँ फ्राँसे?’ (याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात?), ‘झ न से पा’ (मला माहीत नाही) आणि ‘तु प रेपेते?’ (पुन्हा सांगशील?). मित्राला ‘तु’, सरांना आणि अनोळखी माणसाला ‘वू’, हे आपल्या तू आणि तुम्हीसारखंच. चालताना एकमेकांच्या चुका काढू नका. फेरी संपली की बाकावर बसून अडलेले शब्द शोधा, वहीत लिहा आणि पुढच्या फेरीत मुद्दाम वापरा. जोडीदार मिळाला नाही तर दिवसभरात काय केलं ते दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा आणि शिक्षकांना ऐकवा.

शिक्षकांनाही एक विनंती करून बघा: तासाची पहिली दहा मिनिटं फक्त फ्रेंच. शिवाजी विद्यापीठात परकीय भाषा विभाग आहे, या वर्षी तिथं कुठले वर्ग चालू आहेत ते जाऊन विचारा.

परीक्षा

मोजमाप हवं असेल तर डेल्फ ही फ्रेंच भाषेची परीक्षा द्या. तिचं प्रमाणपत्र फ्रान्सचं शिक्षण मंत्रालय देतं आणि ते आयुष्यभर चालतं. ए-1 पातळीला ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं या चार भागांना प्रत्येकी 25 गुण असतात. एकूण 50 मिळाले की पास, पण प्रत्येक भागात किमान 5 हवेत. म्हणजे बोलण्यात तोंड उघडलंच नाही, तर बाकीच्या तीन भागांतले मार्क वाचवू शकत नाहीत. तोंडी परीक्षा पाच-सात मिनिटांची असते: स्वतःची ओळख, परीक्षकाला प्रश्न विचारणं आणि काही खरेदी करायचा किंवा माहिती घ्यायचा छोटा प्रसंग.

पुण्याच्या आलियाँस फ्राँसेझ या फ्रेंच शिकवणाऱ्या संस्थेत परीक्षेच्या तारखा आणि फी यांची चौकशी आधी करा. अकरावीची परीक्षा संपून बारावीचे क्लास सुरू व्हायच्या आत ए-1 उरका. बारावीत डिसेंबरनंतर नवीन काही धरू नका. बातम्या आणि रंकाळ्याची एक फेरी तेवढी चालू ठेवा, उरलेला वेळ बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिकांना द्या.