सहाव्या वर्षी येणारी दाढ: तिला कीड लागू नये म्हणून काय कराल

पहिली-दुसरीतल्या मुलाचं तोंड तपासताना पुढच्या पडक्या दातांकडे मी नंतर बघते. आधी बघते सगळ्यात मागे. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ उगवते, वर दोन आणि खाली दोन. तिच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला तिचा पत्ताच लागत नाही. "मागचे दुधाचेच आहेत ना, पडतील की," असं आईवडील मला नेहमी म्हणतात. ही दाढ पडत नाही, ती जन्मभराची असते. आणि शाळकरी वयात कायमच्या दातांपैकी कीड लागते ती बहुतेक वेळा हिलाच. मुलांच्या दातांची डॉक्टर म्हणून मला सगळ्यात जास्त हळहळ हिचीच वाटते, कारण ती घरच्या घरी वाचवता येते.

आज रात्रीच बघा. मुलाचं डोकं मांडीवर घ्या, फोनचा टॉर्च लावा आणि गाल बोटाने बाजूला ओढा. दुधाच्या दोन दाढा मोजा. त्यांच्या मागे तिसरी दिसली तर तीच ही. सुरुवातीला ती अर्धवटच वर आलेली असते आणि तिच्यावर हिरडीचा पदर असतो. स्वच्छ फडक्याने दात कोरडे करून मग नीट बघा. हिरडीलगत खडूसारखे पांढरे डाग दिसले तर ती किडीची सुरुवात. या टप्प्यावर खड्डा पडलेला नसतो आणि कीड थांबवता येते. तपकिरी-काळी खाच किंवा भोक दिसलं तर वाट पाहू नका, दातांच्या डॉक्टरांकडे न्या.

आता ब्रश. ही दाढ शेजारच्या दाढेपेक्षा खाली असते, त्यामुळे नेहमीसारखा पुढे-मागे फिरवलेला ब्रश वरच्यावर सरकतो आणि हिच्यापर्यंत पोचत नाही. लहान डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश घ्या. मुलाला तोंड अर्धवटच उघडायला सांगा. मोठा 'आ' केला की गाल ताणला जातो आणि मागे जागा राहत नाही. गालाच्या बाजूने ब्रश आडवा आत घाला आणि फक्त त्या एका दाढेवर हलके घासा. पूर्ण वर यायला तिला वर्षभर, कधी त्याहून जास्त लागतं. तोवर हे रोज करायचं.

हे काम मोठ्या माणसाच्या हातानेच व्हायला हवं. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाच्या हाताला ती सफाई येत नाही. सकाळी त्याला स्वतः घासू द्या, पण रात्रीचा ब्रश तुमचा. झोपेत लाळ कमी होते, आणि आम्ल धुऊन काढणारी, दाताची झीज भरणारी तर लाळच. म्हणून ब्रश झाल्यावर दूध नाही, बिस्किट नाही, फक्त पाणी.

पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइडचा आकडा वाचा, तो किमान १००० पीपीएम हवा. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट पुरते, त्यानंतर वाटाण्याएवढी. घासून झाल्यावर फेस थुंकायचा, चूळ भरायची नाही. घराघरात हे ऐकून आश्चर्य वाटतं, पण चूळ भरली की दातावर राहायला हवं ते फ्लोराइड निघून जातं.

खाण्याबद्दल मी पालकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते: गोड किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, ते बघा. तोंडातले जंतू साखरेपासून काही मिनिटांत आम्ल तयार करतात. सामू (पीएच; तो जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ५.५ च्या खाली गेला की दाताचं आवरण विरघळू लागतं, आणि लाळेला ते सावरायला अर्धा तास किंवा जास्त लागतो. दुपारभर एकेक बिस्किट चघळणाऱ्या मुलाच्या दातांना ती उसंत मिळतच नाही. गोड जेवणाबरोबर एकदाच द्या. मूल रोजचं गोड सिरप घेत असेल तर बिनसाखरेचं मिळेल का, ते डॉक्टरांना विचारा.

दुधाच्या दाढाही सोडून देऊ नका. त्या दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. किडून लवकर काढाव्या लागल्या तर मागची ही कायमची दाढ पुढे सरकते आणि नव्या दातांची जागा अडवते.

दाढ पुरेशी वर आली की दातांच्या डॉक्टरांना सीलंटबद्दल जरूर विचारा. दाढेच्या खोल खाचांत ब्रशचा केसही शिरत नाही. सीलंटने त्या बुजवल्या जातात. दात कोरावा लागत नाही, इंजेक्शन लागत नाही, काही मिनिटांत होतं. कीड लागण्याचा धोका जास्त असेल तर फ्लोराइड वार्निश, म्हणजे दातांवर फ्लोराइडचा लेपही लावतात. मात्र मुलाला "नीट घास, नाहीतर डॉक्टर सुई टोचतील" असं कधीही सांगू नका. घाबरलेलं मूल तोंड उघडत नाही आणि सोपं कामही अवघड होतं.

रात्री दुखून जाग येणं, हिरडीवर पुळी येणं ही कीड आत पोचल्याची लक्षणं. गालावर सूज आणि ताप असेल तर त्याच दिवशी दाखवा. दुखऱ्या जागी गोळी दाबून ठेवू नका, हिरडी भाजते.

साधारण बाराव्या वर्षी हिच्याही मागे आणखी एक दाढ येते. तेव्हा मूल ब्रश स्वतःच करत असेल, तरी टॉर्च पुन्हा काढा.