स्पॅनिशचं पहिलं पुस्तक तिसऱ्या पानावर अडकलंय? या चुका टाळा

क्लासला सहा-आठ महिने झाले की हात शिवशिवायला लागतात, आता खरंखुरं पुस्तक वाचायचंच असं वाटतं आणि मग बहुतेक जण करतात तेच मी केलं, सगळ्यात गाजलेलं पुस्तक उचललं. कोलंबियन लेखक गार्सिया मार्केसची कादंबरी 'सिएन आन्योस दे सोलेदाद' (म्हणजे एकांताची शंभर वर्षं), १९६७ सालची. तीन आठवड्यांत अकरा पानं. पेन्सिलीने अर्थ लिहून लिहून पानं काळी केली तरी कोण कुणाचा मुलगा ते कळेना, कारण त्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या आउरेलियानो नाहीतर होसे आर्कादियो हीच नावं फिरत राहतात. भाषा येणारेसुद्धा तिथे गोंधळतात हो, आपली काय कथा.

चूक काय झाली तर पुस्तक नावावरून निवडलं, पान उघडून बघितलंच नाही. मधलंच एखादं पान काढा आणि अनोळखी शब्द मोजा. शब्दसंग्रहावर संशोधन करणाऱ्या पॉल नेशन वगैरे मंडळींनी यावर बरंच काम केलंय, डिक्शनरीशिवाय आरामात वाचायचं तर साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे ५० शब्दांत १ अडला तर चालतो. २५० शब्दांचं पान धरलं तर पाच. डिक्शनरी घेऊन बसायची तयारी असेल तर बारा-तेरापर्यंत ठीक आहे, पण पंचवीस निघाले तर सरळ ठेवून द्या, त्यात कमीपणा काही नाही.

मग कोणीतरी सांगतं, लहान मुलांची पुस्तकं वाच, सोपी असतात. नसतात! ती ज्या मुलांसाठी लिहिलेली असतात त्यांच्या कानावर ही भाषा जन्मापासून पडलेली असते. त्यांना बेडूक, झाडू, चेटकीण, गुरगुरणं सगळं माहीत असतं आणि आपल्याला काय येतं तर एअरपोर्टवर तिकीट मागता येतं. त्यात यमकं, शब्दांचे खेळ. पुस्तक बारीक आहे म्हणून सोपं, हाही तसलाच गैरसमज, अर्जेंटिनाचा लेखक बोर्हेस, त्याच्या गोष्टी चार-पाच पानांच्या असतात आणि घाम काढतात.

आता खरी गोम. शब्द सगळे माहीत आहेत तरी वाक्य लागत नाही, असं होतं ना? हे वाक्य बघा: 'से लो दिहो सिन मिरारला.' पाचच शब्द, एकही अवघड नाही. 'लो' म्हणजे ते, 'दिहो' म्हणजे सांगितलं, 'सिन' म्हणजे शिवाय, 'मिरारला'मध्ये 'मिरार' म्हणजे बघणं आणि त्याला चिकटलेला 'ला' म्हणजे तिला. आणि सुरुवातीचा 'से' म्हणजे त्याला किंवा तिला, खरं तर तो 'ले' असतो पण पुढे 'लो' आला की 'से' होतो. अर्थ निघाला, तिच्याकडे न बघता ते सांगितलं, पण सांगितलं कोणी आणि कोणाला हे आधीचं वाक्य वाचल्याशिवाय कळणारच नाही. क्लासमध्ये आपण महिनोन् महिने वर्तमानकाळ घोटतो आणि गोष्टी चालतात भूतकाळात. 'दिहो' डिक्शनरीत शोधलं तर बऱ्याचदा सापडत नाही, तिथे 'देसिर' (सांगणं) हे मूळ रूप असतं, 'सुपो' (कळलं) हवं तर 'साबेर' (माहीत असणं) बघायचं. मराठी शिकणारा 'घरातल्यांना' शब्दकोशात शोधत बसेल ना, तसंच हे. आणि 'फुए' म्हणजे होता पण आणि गेला पण, संदर्भावरून ठरवायचं. म्हणून पुस्तक उघडायच्या आधी नेहमीच्या वीसेक क्रियापदांची भूतकाळाची रूपं पक्की करा, निम्मं घोडं तिथेच अडलेलं असतं.

पुस्तक कुठल्या देशातलं आहे तेही बघा. कॉमिक्स चांगली म्हणून मी 'माफाल्दा' घेतली, किनो या व्यंगचित्रकाराची, १९६४ ते १९७३ चाललेली. चित्रं भारी, वाक्यं छोटी, पण ती अर्जेंटिनाची, तिथे 'तू तिएनेस'च्या (तुझ्याकडे आहे) जागी 'वोस तेनेस' म्हणतात आणि मला वाटलं छपाईची चूक आहे. स्पेनच्या पुस्तकात 'वोसोत्रोस' (तुम्ही सगळे) भेटेल, लॅटिन अमेरिकेत त्या जागी 'उस्तेदेस'. कुठलंही चालेल, फक्त पहिली दोन-तीन पुस्तकं क्लासात शिकवतात त्याच बाजूची घ्या.

एका पानावर स्पॅनिश, समोर इंग्रजी, असली पुस्तकं मला नाही आवडत. डोळे आपोआप उजवीकडे पळतात आणि आपल्याला वाटतं आपण स्पॅनिश वाचतोय.

मग घ्यायचं काय? शिकणाऱ्यांसाठी लेव्हलनुसार लिहिलेली पुस्तकं मिळतात, ए१ (अगदी सुरुवातीची), ए२, बी१ अशी चढत्या क्रमाने, त्यात तुमच्या क्लासच्या लेव्हलपेक्षा एक पायरी खालचं घ्या, ऑडिओ असलेलं मिळालं तर फारच छान. गोष्टी कृत्रिम वाटतात, खरंय, कोणाची तरी बॅग हरवते आणि शेवटी सापडते. कंटाळा आला तर आपल्या आवडीच्या विषयावरचं माहितीपर पुस्तक बघा, बुद्धिबळ, अंतराळ, काहीही. त्यात वर्तमानकाळ जास्त भेटतो आणि 'इम्पोर्तांते', 'इन्फोर्मासिओन'सारखे इंग्रजीमुळे ओळखीचे वाटणारे शब्द भरपूर. मात्र 'एक्सितो' दिसला की एक्झिट समजू नका, ते यश आहे.

आणि ऐंशी पानांचं पुस्तक संपलं की लगेच दुसरं उघडू नका, तेच पुन्हा वाचा, या वेळी पेन्सिल लांब ठेवून.