कॉम्पॅक्ट एसयूव्ही घेताय? आधी टेप घ्या, मग आईला मागच्या सीटवर बसवा

गाड्या बघायला निघण्याआधी मी पार्किंगमध्ये टेप धरली. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरमधल्या सोसायटीत दोन खांबांच्या मध्ये एक गाडी लागते. ते अंतर भरलं २ मीटर ४५ सेंटीमीटर. मारुती ब्रेझाची रुंदी १७९० मिलिमीटर, टाटा नेक्सॉनची १८०४, महिंद्रा थ्रीएक्सओची १८२१. कागदावर तिन्ही बसतात. पण ही रुंदी आरसे सोडून असते, आणि गाडी लावल्यावर दार उघडून माणसाला बाहेरही पडायचं असतं. थ्रीएक्सओ एका बाजूला वीतभर जागा सोडून लावली, तर दुसऱ्या बाजूला जेमतेम ४० सेंटीमीटर उरतात. माझ्या आईला तेवढ्यातून उतरता येत नाही, म्हणजे ती रोज गेटपाशीच उतरणार. हे शोरूमच्या मोकळ्या फरशीवर कधीच लक्षात येत नाही. म्हणून सुरुवात घरापासून करा: खांब, वळण, रॅम्प, शेजाऱ्याची गाडी, सगळं मोजून कागदावर लिहा.

लांबीची काळजी फारशी नको. या गटातल्या बहुतेक गाड्या चार मीटरच्या आतच असतात, कारण तिथे कर कमी लागतो. चार मीटरच्या आत लांबी, आणि इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत, ही अट पाळली तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के आहे. नाही तर ४० टक्के. ब्रेझा लांबीला बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं असल्यामुळे ती वरच्या करात जाते. म्हणून नुसती किंमत शेजारी शेजारी ठेवून तुलना करू नका. त्यातला कर किती आणि गाडी किती, हे बघा.

आठ दिवसांची वही

आता एक वही घ्या आणि आठवडाभर रोजचं धावणं लिहा. कुठून कुठे, किती किलोमीटर, गाडीत किती माणसं. आमच्या वहीत निघालं ते असं: सकाळी मुलीला गंगापूर रोडला शाळेत सोडणं, तिथून अंबडला ऑफिस, संध्याकाळी परत, शनिवारी रविवार कारंजाच्या बाजारात, एखाद्या रविवारी त्र्यंबक. महिन्याला साधारण ५०० किलोमीटर, आणि त्यातलं बरंचसं सिग्नलवर थांबून थांबून. पुणे-मुंबई दोन महिन्यांतून एकदा. मनात मात्र आम्ही समृद्धी महामार्गावरून नागपूरला निघालेलो होतो! गाडी रोजच्या आठवड्यासाठी घ्यायची असते, हे वहीशिवाय मला पटलं नसतं.

या आकड्यावरच इंधन ठरतं, आणि इथे चूक झाली तर ती पुढे कितीतरी वर्षं छळते. माझ्या मेहुण्याने मायलेजच्या मोहात डिझेल गाडी घेतली. त्याचं रोजचं जाणं कॉलेज रोड ते सातपूर. काही महिन्यांतच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, पिकअप गेला, गॅरेजच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्यात गाडी बनवणाऱ्यांचा काही दोष नव्हता. बीएस-६ म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांत बसणाऱ्या डिझेल गाडीच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरला की आतली काजळी जाळावी लागते, आणि त्यासाठी गाडी चांगली तापून थोडा वेळ एका लयीत पळावी लागते. पाच-सहा किलोमीटरच्या फेऱ्यांत ते जमत नाही. ज्यांचं हायवेवर नियमित जाणं आहे त्यांच्यासाठी डिझेल उत्तम आहे. नेक्सॉन, ह्युंदाई व्हेन्यू, किआ सोनेट, थ्रीएक्सओ या चारही गाड्यांत १.५ लिटरचं डिझेल मिळतं आणि चढावर त्याची ताकद सुखावते. पण ५०० किलोमीटरच्या हिशेबात काय हाती येतं बघा. शहरात पेट्रोलला १२ आणि डिझेलला १६ चं मायलेज धरलं तर महिन्याला दहाएक लिटर वाचतात. दरातला फरक धरून दीडएक हजार रुपये. डिझेल गाडीसाठी लाखभर जास्त मोजले तर ते वसूल व्हायला साडेपाच वर्षं.

सीएनजी स्वस्त पडतो, यात शंका नाही. पण तुमच्या रोजच्या वाटेवर पंप आहे का आणि सकाळी तिथे रांग किती लागते, हे आधी स्वतः जाऊन बघा. ब्रेझाच्या सीएनजीत टाकी डिकीची बरीच जागा घेते. नेक्सॉनमध्ये दोन लहान टाक्या खाली बसवल्यामुळे ३२१ लिटरची डिकी उरते. वणीला दर्शनाला सहकुटुंब जायचं तर हा फरक मोठा आहे. आणि दर तीन वर्षांनी टाकीची तपासणी करून घ्यावी लागते, हे विक्रेते सांगत नाहीत.

शोरूममध्ये सगळं घर न्या

आईचे गुडघे दुखतात. पहिल्या शोरूममध्ये तिने एक पाय आत टाकला, दाराच्या चौकटीला धरलं, आणि तिथेच थबकली. खालची पट्टी उंच होती आणि सीट आणखी वर. दुसऱ्या गाडीत ती कमरेच्या उंचीवरच्या सीटवर आधी टेकली आणि मग दोन्ही पाय आत घेतले. चेहऱ्यावरूनच कळलं. ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीच्या तळाच्या जमिनीपासूनच्या उंचीचा, आकडा मोठा असणं चांगलंच, पावसाळ्यातल्या खड्ड्यांत तो कामाला येतो. पण घरात वयस्कर माणूस असेल तर सीटची उंची त्याच्या कमरेशी जुळते का, हे त्यालाच बसवून बघावं लागतं. उतरतानाही बघा. चढण्यापेक्षा उतरणं अवघड जातं.

मग मागे तिघांना बसवा, आणि दहा मिनिटं बसूनच ठेवा. मधल्याला डोक्याचा आधार आणि खांद्यावरून येणारा बेल्ट आहे का? त्याच्या पायांखाली उंचवटा किती? मागे एसीचा झोत येतो का? लहान मुलाची सीट लावणार असाल तर आयसोफिक्सचे, म्हणजे ती सीट अडकवायचे, हुक हाताने चाचपून बघा. डिकीचे लिटर वाचत बसू नका. कंपन्या ते वेगवेगळ्या पद्धतीने मोजतात, कुणी छतापर्यंत, कुणी मागच्या ट्रेपर्यंत. घरची मोठी बॅग आणि बाळाची गाडी सोबत घेऊन जा.

चालवून बघताना

विक्रेता मोकळ्या रस्त्यावर फेरी मारून आणतो. तुम्ही द्वारका चौकाकडे न्यायला सांगा, गर्दीच्या वेळी, पाच माणसं आत, एसी पूर्ण सुरू. १.२ लिटरचं साधं, टर्बो नसलेलं इंजिन एकट्याला बरं वाटतं. सगळे बसल्यावर मुंबईहून येताना कसारा घाट चढायला ते धापा टाकतं. टर्बो पेट्रोल किंवा ब्रेझाचं १.५ तिथे निवांत असतं. नंतर एखाद्या बेसमेंटच्या चढावर गाडी मध्येच थांबवा आणि पुन्हा उचला.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर हा चढ फार महत्त्वाचा. एएमटी म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच यंत्र दाबतं. स्वस्त, मायलेजला चांगला, पण गिअर बदलताना गचका जाणवतो. टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा गिअरबॉक्स, गर्दीत सर्वांत मऊ. ब्रेझा, स्कोडा कायलॅक आणि थ्रीएक्सओच्या पेट्रोलमध्ये तो मिळतो. डीसीटी, म्हणजे दोन क्लचचा गिअरबॉक्स, झटकन गिअर बदलतो, पण रांगेत इंच इंच सरकताना तापण्याची शक्यता असते. द्वारका आणि मुंबई नाका रोजचा असेल तर माझं मत टॉर्क कन्व्हर्टरला.

सुरक्षेबद्दल थोडक्यात: भारत एनकॅपच्या, म्हणजे गाडी आदळवून सुरक्षा तपासण्याच्या, चाचण्या ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहेत आणि नेक्सॉन, थ्रीएक्सओ, कायलॅक यांना त्यात पाच तारे आहेत. तुम्ही घेताय त्या मॉडेलची चाचणी कोणत्या वर्षी, कोणत्या पद्धतीने झाली, हे विचारा. सहा एअरबॅग आणि ईएससी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) नसलेली गाडी घेऊ नका, सनरूफ सोडावं लागलं तरी चालेल.

कोटेशन आणि डिलिव्हरी

कोटेशन लेखी मागा आणि ओळ न् ओळ वाचा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला रोड टॅक्स ११ टक्के, डिझेलला १३. त्यापुढे वीस लाखांपर्यंत दोन्हींना एकेक टक्का वाढतो. दहा लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच वसूल केलेला आयकर, लागतो, तो आयकर विवरणात परत धरता येतो. हँडलिंग चार्ज नावाची ओळ दिसली तर ठामपणे काढायला लावा. विमा बाहेरून घेता येतो, दोन-तीन ठिकाणी दर विचारा.

दसऱ्याच्या किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी हवी असेल तर दोन-तीन दिवस आधी यार्डात जाऊन ती दिवसाउजेडी बघा. मुहूर्ताच्या दिवशी हार, पेढे आणि गर्दी असते, तपासणी होत नाही. चासी नंबरवरून गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. टायरवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाचही टायरांवर ती वाचा. बॉनेटच्या कडांवर हात फिरवून रंग बघा, काचांवरची खूण सारखी आहे का ते बघा, किलोमीटरचा आकडा टिपून ठेवा. आणि हे सगळं नोंदणीच्या आधी, कारण एकदा एमएच-१५ चा नंबर पडला की गाडी बदलून मिळवणं फार कठीण जातं.